फोर्ज्ड पिस्टनसाठी १ मि.मी. जाडीची रिंग बडोद्यात कशी मिळवावी?

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदे)

नमस्कार. माझ्याकडे जुनी मारुती एस्टीम आहे. तिचे १२९८ सीसीचे इंजिन आधीच्या मालकाने टर्बोसाठी (इंजिनात दाबाने जास्त हवा ढकलणाऱ्या यंत्रासाठी) नव्याने बांधून घेतले होते. ७४ मि.मी.चे मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७४.५ मि.मी. करून त्यात परदेशी बनावटीचे फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेले, पिस्टन बसवलेले आहेत. गाडी निळा धूर सोडू लागली म्हणून इंजिन उघडले, पिस्टन साफ केले आणि रिंगा परत चढवताना तिसऱ्या पिस्टनची वरची रिंग माझ्याच हातून तुटली. पिस्टनचा खोका, कागद, बिल यांपैकी काहीही माझ्याकडे नाही.

रावपुऱ्यातील एका दुकानात एस्टीमचा ०.५० ओव्हरसाइज (मूळ मापाहून अर्धा मि.मी. मोठा) रिंगांचा संच मिळाला. त्याचा व्यास जुळतो, पण वरची रिंग खाचेत शिरतच नाही, कारण माझ्या पिस्टनची वरची खाच १ मि.मी., दुसरी १.२ मि.मी. आणि ऑइल रिंगची २.८ मि.मी. रुंद आहे. लेथवर खाच थोडी रुंद करून घ्या, असे दुकानदाराचे म्हणणे पडले. ते करावे का? की राजकोटला इंजिनाचे इतके सुटे भाग बनतात, तर तिथून एकच रिंग करवून आणावी?

उत्तर (मकरपुरा जीआयडीसी, बोअरिंग-होनिंगचा, म्हणजे सिलिंडर मापात कापून आतून घासून देण्याचा व्यवसाय)

खाच कापू नका. रिंग केवळ स्वतःच्या ताणामुळे सिलिंडरच्या भिंतीला चिकटून राहत नाही. जळत्या वायूचा दाब खाचेत शिरून तिला मागून बाहेर ढकलतो आणि त्याच वेळी खाचेच्या खालच्या बाजूवर दाबून धरतो. म्हणजे ती खालची बाजू हीसुद्धा वायू अडवणारी जागाच आहे. साध्या लेथवर कापल्यावर ती सपाट राहील याची खात्री मी देणार नाही, आणि मी रोज लेथवरच उभा असतो. शिवाय कापताना वरचा काठ पातळ होईल, जो टर्बोच्या इंजिनात आधीच सर्वाधिक तापतो.

तुमची चूक एवढीच की तुम्ही गाडीचे नाव सांगून रिंग मागितली. पिस्टन बदलल्यावर गाडीच्या नावाला काही अर्थ उरत नाही, रिंग पिस्टनच्या मापाने मागायची असते. तुम्ही खाचेची रुंदी मोजली आहे, आता तिची खोली मोजा, कारण रिंग आत दाबल्यावर पिस्टनच्या कडेबाहेर डोकावता कामा नये. पिस्टन उलटा करून आतल्या बाजूला, पिनच्या आधाराजवळ, कोरलेला क्रमांक दिसतो का ते पाहा. तो सापडला तर निम्मे काम झाले. ७४.५ मि.मी. व्यास आणि १, १.२ व २.८ मि.मी. जाडी हा फोर्ज्ड पिस्टनवाल्यांचा प्रचलित मेळ आहे, आणि त्यांच्याकडे एका सिलिंडरचा सुटा संचही मागता येतो.

उत्तर (इंदूर)

राजकोटविषयी थोडे. तिथे डिझेल इंजिनाचे भाग उत्तम बनतात, परंतु एक सुटी रिंग करवून घेणे शहाणपणाचे नाही. मोकळी असताना रिंग पूर्ण गोल नसते. दाबून सिलिंडरमध्ये बसल्यावर ती गोल व्हावी आणि भिंतीवर सगळीकडे ठरावीक दाब पडावा, अशा बेताने तिचा आकार ठरवलेला असतो. नळीतून चकती कापून तिला चीर पाडली तर दिसायला रिंगच दिसेल, पण दाब एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला नाममात्र राहील. त्यातून पातळ पोलादी रिंगेला नायट्रायडिंग (पृष्ठभाग कठीण करणारी प्रक्रिया) हवे, जे एका नगासाठी कोणी करून देणार नाही.

कोणीतरी जुन्या १.६ बलेनोची ७५ मि.मी.ची रिंग घासून बसवा असेही सुचवील, म्हणून आधीच सांगतो. व्यासातील अर्ध्या मि.मी.चा फरक परिघावर सुमारे १.५७ मि.मी. होतो. तेवढी टोके कापल्यावर रिंग आपला मूळ आकार गमावते. घासून बसवण्यासाठी जाणूनबुजून मोठ्या केलेल्या रिंगासुद्धा साधारण ०.१३ मि.मी.नेच मोठ्या असतात.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. पिस्टनच्या आत क्रमांक सापडला आणि मुंबईच्या एका आयातदाराने त्यावरून संच ओळखला. तिसऱ्या सिलिंडरचे माप ७४.५२ मि.मी. आले. एकच रिंग घेऊ की चारही पिस्टनच्या? आणि टोकांमधील गॅप किती ठेवू?

उत्तर (मकरपुरा जीआयडीसी)

चारही घ्या. होनिंग नव्याने करावेच लागणार, आणि ताज्या होनिंगवर जुन्या घासलेल्या रिंगा नीट बसत नाहीत. होनिंग करताना ब्लॉकवर जाड टॉर्क प्लेट (हेडच्या जागी कसायची पोलादी पाटी) कसून घ्यायला सांगा, कारण हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, कसल्यावर बोअर किंचित वाकते आणि तुमच्या पातळ रिंगांना ते जाणवते.

गॅपसाठी संचाबरोबरचा कागद प्रमाण माना. अंदाज हवा असेल, तर मध्यम टर्बोसाठी बोअरच्या दर मिलिमीटरला ०.००५ मि.मी., म्हणजे तुमच्याकडे सुमारे ०.३७ मि.मी.; दुसऱ्या रिंगेचा त्याहून थोडा अधिक, जेणेकरून दोन रिंगांमध्ये दाब अडकून वरची रिंग उचलली जाणार नाही. गॅप जास्त झाला तर थोडा वायू खाली निसटेल. कमी झाला तर तापून टोके एकमेकांना भिडतील आणि पिस्टनचा काठच तुटेल. मोजताना रिंग पिस्टनच्या डोक्याने सरळ सुमारे २५ मि.मी. खाली ढकला आणि मगच फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला.

रिंगेवरची खूण वर ठेवा, दुसऱ्या रिंगेची तर विशेष काळजी घ्या. ती उलटी बसली की तेल खाली खरवडण्याऐवजी वर चढवते. आणि हेड खाली उतरलेले आहेच, तर व्हॉल्व्हची सीलही बदला आणि टर्बोच्या शाफ्टपाशी तेल दिसते का ते पाहा. निळा धूर या दोन्ही ठिकाणांहूनही येतो, आणि तुम्ही इंजिन उघडण्याआधी लीकडाउन चाचणी (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून निसटते ते पाहणे) केल्याचे कुठे लिहिलेले नाही.