मदत हवी आहे: गुडघा-खुबा बदलानंतर रिव्हारॉक्साबॅनवरून अ‍ॅस्पिरिनवर नेताना

कॅनडातल्या एपकॅट-२ चाचणीतली (2018) पद्धत वॉर्डात राबवायची आहे. 5 दिवस रिव्हारॉक्साबॅन (रक्ताच्या गुठळ्या रोखणारी गोळी) 10 मिग्रॅ, मग अ‍ॅस्पिरिन 81 मिग्रॅ: गुडघ्याला 9 दिवस, खुब्याला 30. गुठळ्यांचं प्रमाण अ‍ॅस्पिरिनवर 0.64, रिव्हारॉक्साबॅनच चालू ठेवलं तर 0.70 टक्के, म्हणजे जवळपास सारखंच.

खरी अडचण सहाव्या दिवशी. तोवर पेशंट घरी गेलेला असतो; डिस्चार्ज कार्डावर बदलाची तारीख नसेल तर दोन्ही गोळ्या चालू राहतात, किंवा दोन्ही बंद. पहिल्यात रक्तस्राव, दुसऱ्यात गुठळी.

तुमच्याकडे तारीख कोण लिहितं, फोन कोण करतं? 81 ऐवजी आपल्याकडची 75 मिग्रॅ अ‍ॅस्पिरिन चालवता का? आधी गुठळी झालेले, कॅन्सरचे पेशंट चाचणीत फार थोडे होते. त्यांना आम्ही यातून वगळतोय. तुम्ही काय देता?