ट्रेकसाठी भरवशाची फिक्स्ड ब्लेड सुरी कुठली घ्यावी?

वारजेकर_भटका:
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. गेली चार वर्षं घडीचा चाकू वापरतोय, पण मागच्या पावसाळ्यात वेल्ह्याजवळ मुक्कामाला होतो तेव्हा त्याच्या सांध्यात चिखल गेला, लॉक अर्धवट बसलं, आणि काथ्याचा दोर कापताना पातं मिटून बोटावर आलं. दोन टाके पडले. आता फिक्स्ड ब्लेडच, म्हणजे न मिटणाऱ्या पात्याची सुरी घ्यायचीय. काम साधंच, दोरी कापणं, कांदे-बटाटे, पेटवायला ढलप्या काढणं, तंबूच्या खुंट्या तासणं. बजेट तीन हजार. ऑनलाईन बघावं तर सगळ्यांवर 'सर्व्हायवल' लिहिलंय, पाठीवर करवतीचे दात नि मुठीत होकायंत्र. नक्की काय बघून घ्यायचं?

कात्रजघाट:
भावा, ते करवतवालं आणि पोकळ मुठीचं अजिबात घेऊ नकोस, मी घेतलं होतं. पवनेच्या काठी मुक्काम, गावातल्या एका घरून जळण विकत आणलेलं, बाभळीचं मनगटाएवढं लाकूड फोडायला सुरी ठेवून वरून दांडक्याने ठोकत होतो, तिसऱ्या ठोक्याला मूठ माझ्या हातात आणि पातं लाकडात. मूठ उघडली तर आत करंगळीच्या अर्ध्या जाडीची सळई, पात्याला नुसती वेल्ड केलेली, आणि बरोबर वेल्डपाशी तुटलेली. पातं उडून शेजारी बसलेल्या पोराला लागलं असतं तर? तेव्हापासून मी आधी मूठ बघतो, मग पातं. फुल टँग म्हणजे पात्याचं लोखंड मुठीच्या टोकापर्यंत सलग गेलेलं पाहिजे, बहुतेक सुऱ्यांना मुठीच्या कडेने ती पट्टी डोळ्यांना दिसते. लांबी ४ इंच, जाडी ३ मिमीच्या आसपास बास. ५-६ मिमीचं जाड पातं फोटोत दणकट दिसतं पण त्याने टोमॅटो चिरला जात नाही, फुटतो.

सिंहगडरोड_ताई:
मुठीबद्दल सहमत, पण फुल टँग नाही म्हणजे वाईटच असं नाही हं. स्वीडनच्या मोरा कंपनीचा कंपॅनियन घे हातात, पातं १०.४ सेंमी, जाडी २.५ मिमी, टँग मुठीच्या टोकापर्यंत जात नाही तरी तासायला-चिरायला इतकी गुणी सुरी मी दुसरी वापरलेली नाही. लाकूड ठोकून फोडायला मात्र ती नाही, त्याला त्यांचाच गारबर्ग आहे, फुल टँग, ३.२ मिमी, पण तो तुझ्या बजेटच्या बाहेर. कंपॅनियनला स्कँडी ग्राइंड आहे, म्हणजे धारेचा उतार रुंद नि सपाट, तो दगडावर टेकवला की कोन आपोआप सापडतो, नवख्या माणसालाही धार लावता येते.

स्टील स्टेनलेसच घे. कार्बन स्टीलला धार झटकन लागते हे खरं, पण आपल्याकडे जुलैत सॅकमधलं काहीच कोरडं राहत नाही. माझी कार्बनवाली सुरी भिजलेल्या चामडी म्यानात दोन रात्री राहिली, बाहेर काढली तर धारेवर नारिंगी ठिपके, घासल्यावर तिथे बारीक खड्डे राहिले ते राहिलेच. स्टेनलेसमध्ये साधारण १३ टक्के क्रोमियम असतं म्हणून ते तग धरतं, तरी पुसायला लागतंच. म्यान प्लास्टिकचं, तळाला पाणी निघायला भोक असलेलं बघ. आणि घरी आल्यावर कुठलीही सुरी म्यानात ठेवू नकोस.

वारजेकर_भटका:
ताई, दादा, खूप आभार. अजून एक, गावाकडे लोहार कमानपाट्याचे, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीचे कोयते करतो, त्याच्याकडून करून घेऊ का? आणि पोलिसांची काही अडचण?

निवृत्त_गिरीप्रेमी:
कमानपाट्याचं लोखंड उत्तम असतं, पण पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून बुडवून कडक कसं केलंय, त्यावर सगळं. जास्त कडक झालं तर धारेचा तुकडा उडतो, मऊ राहिलं तर धार वळते. लोहार ओळखीचा असेल तर जरूर करून घे, गंज चढतो एवढं लक्षात ठेव.

कायद्याचं नीट वाच बाळा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं परवान्याच्या यादीत येतात, घरगुती आणि शेतीची अवजारं वगळून. चार इंची सुरी त्यात बसत नाही, पण पुण्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली हत्यारं बाळगण्यावर बंदीचे आदेश निघत असतात, म्हणून कमरेला लावून स्वारगेटला उभं राहायचं नाही. म्यानात, कापडात गुंडाळून, सॅकच्या तळाशी. भीमाशंकर किंवा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात तर वन्यजीव कायद्याच्या हत्यारांच्या व्याख्येत सुरीपण आहे आणि कलम ३१ प्रमाणे परवानगीशिवाय हत्यार आत नेता येत नाही. मी तिकडे जाताना सुरी घरीच ठेवतो. आणि कुठेही असलो तरी उभ्या झाडाला हात लावायचा नाही.

वारजेकर_भटका:
हे माहीतच नव्हतं काका, बरं झालं विचारलं. लोहाराचं नंतर बघू, आधी स्टेनलेसच. शनिवारी बोहरी आळीत चक्कर मारतो, मिळाली तर हातात धरून बघतो, नाहीतर मोरा मागवतो. दुकानात अजून काय तपासू?

कात्रजघाट:
हात ओला करून मूठ धर, घसरते का बघ. बोट धारेवर सरकू नये म्हणून पुढे उंचवटा हवा. मग सुरी म्यानात घाल, म्यान उलटं धर आणि दोन झटके दे. निसटली तर तिथेच परत दे.