घराची बाहेरची भिंत स्वतः रंगवलीय का कोणी? तुमचे अनुभव सांगा

चारकोपची चिमणी

कालपासून दंड भरून आलेत, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. पुढच्या भिंतीचे पोपडे सुटलेत म्हणून पत्रीने खरवडायला घेतले. वरचा राखाडी रंग पापुद्र्यासारखा हातात आला. त्याखाली क्रीम, त्याखाली गुलाबी, आणि मीटरच्या पेटीशेजारी तळहाताएवढा पिस्ता. तो पिस्ता अण्णांचा. त्यात ब्रशचा एक केस अडकलाय, अजून ताठ आहे. मी तिथेच पायरीवर बसले.

आमचं घर वर्ल्ड बँकेच्या योजनेतल्या प्लॉटवरचं. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची घरं चिकटून, त्यामुळे बाहेरच्या भिंती दोनच, पुढची नि मागची. बांधून झालं तेव्हा पैसे संपलेले, रंगारी परवडत नव्हता. अण्णा स्नोसेमचा, म्हणजे सिमेंट पेंटचा, डबा घेऊन आले आणि रविवारी पहाटे सुरू झाले. मला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त आठवतं ते पाणी. रंगाआधी भिंतीला पाणी, दुसऱ्या दिवशी परत पाणी. ड्रम भरून ठेवलेला, आई म्हणते प्यायला तरी ठेवा, आणि मी तांब्याने भिंतीवर शिंपडतेय. "तहानलेली भिंत रंगातलं पाणी पिऊन टाकते, मग रंग भुकटी होऊन हाताला लागतो," असं अण्णांनी समजावलेलं. मी नऊ वर्षांची होते.

अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली. राखाडी रंग नंतर बोलावलेल्या माणसाचा, तीन पावसाळेही निघाले नाहीत. यंदा मी आणि लेक मिळून करणार. पाऊस ११ जूनच्या आसपास धरून चाललेय, त्याआधी उरकायचं. कोणी केलंय का असं? कसं केलंत, बरोबर कोण होतं, सगळं लिहा.

कोळीवाड्याचा

ताई, वाचून आमचे बाबा आठवले. वरळी कोळीवाड्यात घर आहे, मागची भिंत समुद्राकडे. नारळी पौर्णिमेआधी होडी रंगवायची आणि उरलेला ऑइलपेंट भिंतीला, हे वर्षानुवर्षं चाललेलं. निळी भिंत काय झळकायची! पण दिवाळीपर्यंत फुगे. फुगा फोडला की आत पाणी. लाकडाला चालतं ते भिंतीला चालत नाही, ओल आत कोंडते.

आता मी आणि धाकटा भाऊ करतो. आधी दोन दिवस नुसतं गोड्या पाण्याने भिंत धुणं. वारा मीठ आणून बसवतो भिंतीवर. बोट फिरवून जिभेला लावा, कळेल. ते मीठ धुतल्याशिवाय आणि मग भिंत खडखडीत वाळल्याशिवाय डबा उघडत नाही. सुकट वाळवायची तारही तेवढे दिवस काढावी लागते, त्यावरून आईशी भांडण ठरलेलं

गॅलरीतली तुळस

सुकट!! कुठली मिळतेय सध्या? जवळा चांगला आला असेल तर सांगा हो.

कोळीवाड्याचा

करंदी आणि जवळा दोन्ही आहे. पावसाची बेगमी आत्ताच करून ठेवा.

वीट_आणि_वाळू

साइटवर आहे, घाईत लिहितोय. चिमणीताई, पिस्ता घट्ट बसलाय ना? मग तो काढू नका. चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टी कोरी आली तर तो थर राहू दे. भुकटी आली तर खरवडा. राखाडी बहुतेक भुकटी न काढता वरून मारला असणार, म्हणून सुटला.

अण्णांचं पाणी अगदी बरोबर. सिमेंट पेंटमध्ये सिमेंटच असतं, त्याला प्लास्टरसारखं पाणी लागतं. कालवला की तासाभरात संपवायचा. पण आता इमल्शन (प्लास्टिक पेंट) लावणार असाल तर उलट. भिंत पूर्ण कोरडी हवी, प्राइमर हवा आणि वरून पाणी मारायचं नाही. दोन्हींची गल्लत झाली की भिंत वाया. भेगा बुजवल्या असतील तर ते भरण पूर्ण सुकू द्या. कुठे नवीन प्लास्टर केलं असेल तर महिनाभर थांबा. आणि ऊन तापलेल्या भिंतीवर ब्रश लावू नका, पुढची भिंत पूर्वेला असेल तर दुपारी चारनंतर.

चारकोपची चिमणी

पूर्वेलाच आहे! थँक्यू दादा. पट्टी लावून बघितली, पिस्ता हललासुद्धा नाही. किती बरं वाटलं सांगू.

भांडुपवाली

आमची बैठी खोली टेकडीच्या उतारावर, मागची भिंत डोंगराला लागून. चार वर्षांत तीनदा रंगवली, तिन्ही वेळा मीच, नवरा रात्रपाळीला असतो. दर वेळी जमिनीपासून गुडघ्यापर्यंत पांढरा खार फुटायचा, कापसासारखा. मला वाटायचं रंगच हलका मिळाला. महागातला आणला, तोही गेला. शेवटी एका म्हाताऱ्या गवंड्याने मागे जाऊन माती उकरून दाखवली. डोंगराचं पाणी जोत्यात मुरत होतं. जोत्याच्या मागे चर खणून पाणी गटाराकडे वळवलं, भिंत अख्खा एक उन्हाळा उघडी ठेवली, मग रंग. दोन पावसाळे झाले, खार नाही.

तो उन्हाळा फार वाईट गेला हो. येणारा-जाणारा विचारायचा, घर असं का ठेवलंय. सासूबाई मात्र म्हणाल्या, बोलू दे त्यांना, भिंत तुझी आहे. त्या एका वाक्यावर मी तीन महिने काढले.

वीट_आणि_वाळू

शाब्बास ताई. खार पाण्याने धुवायचा नाही, कोरडा ब्रश मारून झाडायचा, नाहीतर विरघळून परत भिंतीत जातो.

भांडुपवाली

हो, ते पण शिकले नंतर

आजोळ गोराई

आमच्याकडे चुना. मे महिन्यात आजोळी गेलं की पहिलं काम तेच. पत्र्याच्या पिंपात पाणी आणि त्यात मामा चुनकळी टाकायचा, खदखदा उकळायची, विस्तव नाही नि काही नाही. रात्रभर मुरवायची, सकाळी आजीच्या जुन्या लुगड्यातून गाळायची, मग डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ. ब्रश नारळाच्या सोडणाचा, एक टोक ठेचून केलेला. ओला असताना चुना दिसतच नाही, राखाडी पाण्यासारखा. आम्हाला वाटायचं काही लागलंच नाही. दुपारी जेवून बाहेर यावं तर भिंत डोळे दिपवणारी पांढरी.

एकदा कळी टाकताना शिंतोडा माझ्या भावाच्या डोळ्यात गेला. मामाने त्याला तसाच विहिरीवर नेलं, डोळा उघडा धरून कळशीवर कळशी पाणी ओतलं, मग डॉक्टरकडे. डोळा वाचला. लेकीला बरोबर घेणार आहात म्हणून मुद्दाम लिहितेय, चुना असो वा सिमेंट, चष्मा लावा दोघींनी. पाणी आधी, कळी मागून आणि थोडी थोडी.

गॅलरीतली तुळस

आम्ही लालबागच्या चाळीत, बाहेरची भिंत आमची नाहीच. आमच्या वाट्याला गॅलरीतला दाराशेजारचा तुकडा. पण दर दिवाळीला तो मी आणि शेजारच्या काकी मिळून रंगवतो, मधली रेघ कुठे थांबते ते आजवर ठरलेलं नाही म्हणून दोघींचा रंग एकच. काकी गेल्या महिन्यात मुलाकडे विरारला गेल्या कायमच्या. यंदा कोणता रंग घ्यायचा कळत नाही.

कोळीवाड्याचा

काकींना फोन करून विचारा ना

दोन_मुलांची_आई

एक महत्त्वाचं. जुन्या घरांच्या खिडक्या, ग्रिल, दारांवरच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) केली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून, त्याआधीचे थर तसेच आहेत. भिंतीबरोबर खिडक्या घासणार असाल तर कोरडा पॉलिश पेपर नको, पाणी लावून घासा, धूळ ओल्या फडक्याने पुसा, लहान मुलांना लांब ठेवा. माझा धाकटा तेव्हा रांगत होता आणि मी अख्खी ग्रिल कोरडी घासली होती. रक्त तपासून घेतलं, ठीक आलं, पण रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस विसरणार नाही.

आजोळ गोराई

बाप रे. बरं झालं सांगितलंत.

माळ्यावरची शिडी

चारकोपला कुठला सेक्टर? मी पण तिथलीच, मैदानाजवळ. आमच्या सोसायटीत घडीची शिडी आहे अॅल्युमिनियमची, हवी असेल तर घेऊन जा. बांबूच्या शिडीवर एकटी चढू नकोस गं. खाली धरायला माणूस पाहिजेच. माझे दीर पहिल्या माळ्यावरून पडले होते, वर्षभर काठी घेऊन चालत होते.

चारकोपची चिमणी

अगं तू त्या मैदानाजवळची! मी उद्या संध्याकाळी येते शिडी न्यायला.

सगळ्यांना एकदम उत्तर देतेय, कुकर लावलाय. चष्मे आणले. भांडुपवाली ताई, तुमचं वाचून मागची भिंत तपासली, मोरीच्या पाइपाखाली ओल आहे. म्हणून यंदा पुढचीच भिंत, मागची पुढच्या वर्षी, आधी प्लंबर. ग्रिल आम्ही पाणी लावून घासली.

लेकीने रंग निवडला, फिका पिवळा. मी पिस्ता म्हणणार होते पण घर तिलाही राहायचंय. आज प्राइमर झाला. पेटीशेजारच्या तुकड्यावरूनही मारला, केस होता तिथेच ठेवला. प्राइमरखाली बारीक उंचवटा दिसतो, माहीत असलेल्यालाच कळेल. लेकीने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, आजोबांनी ब्रश धुतला नव्हता वाटतं नीट. मी तिला ड्रमची आणि तांब्याची गोष्ट सांगितली.

गॅलरीतली तुळस

काकींना फोन केला. आकाशी म्हणाल्या. दिवाळीला दोन दिवस येतायत.

कोळीवाड्याचा

वा! येताना मला सांगा, जवळा देतो दोघींना.