'वाजिबुल वुजूद बिजातिही': मराठीत काय लिहावं?

पाठभेद: अरबीत लिहिणारा तत्त्वज्ञ इब्न सीना (मृत्यू १०३७) याच्या 'शिफा' ग्रंथातल्या 'इलाहियात' (तत्त्वमीमांसा) या भागाचा अनुवाद चालू आहे. पहिल्या मकाल्याच्या (खंडाच्या) सहाव्या प्रकरणात हे पद येतं; अर्थ, ज्याचं असणं त्याच्या स्वरूपानेच अटळ आहे ते. मसुद्यात 'स्वयंभू' आहे. चालेल?

तर्ककर्कश: नाही. 'भू' म्हणजे होणं, उपजणं. इब्न सीना म्हणतो की बिजातिही वाजिब असलेल्याला कारणच नसतं. 'स्वयंभू'मुळे तो स्वतःचंच कारण ठरतो आणि पुढची मांडणी ढासळते. 'बिगैरिही'ची (दुसऱ्यामुळे) जोडीही सांभाळा: जग बिजातिही मुम्किन (असूही शकतं, नसूही शकतं), पण बिगैरिही वाजिब. 'स्वतः अनिवार्य' आणि 'परतः अनिवार्य' ही जोडी नेमकी बसते.

मीमांसाप्रेमी: स्वतः-परतः म्हटलं की वाचकाला प्रामाण्यवाद (ज्ञानाचा खरेपणा स्वतःच ठरतो की बाहेरून, हा भारतीय दर्शनांतला वाद) आठवणार. तिथे वाद ज्ञानाच्या प्रामाण्याचा आहे, अस्तित्वाचा नाही. निदान टीप द्या.

रुमाल_दप्तर: 'जातीने हजर राहिले' यातली जात हीच, फारसीतून आलेली. 'बिजातिही'ला 'जातीने' इतका जवळचा शब्द घरात असताना बाहेर कशाला शोधायचा?

शुद्धमराठी: 'जातीने' संस्कृत 'जाति'वरूनच आलाय.

रुमाल_दप्तर: मग 'व्यक्तिशः' हा अर्थ कुठून आला? 'जाति' म्हणजे वर्ग, व्यक्तीच्या नेमका उलट.

तर्ककर्कश: व्युत्पत्ती पटली तरी 'जातीने अनिवार्य' छापू नका, वाचक भलतंच वाचेल. तसंच 'वाजिब'वरून 'वाजवी'कडेही घसरू नका. वाजवी म्हणजे रास्त. फिकहमध्ये (इस्लामी विधिशास्त्रात) वाजिब म्हणजे बंधनकारक आणि इथे 'नसणं अशक्य'. 'आवश्यक'ही टाळा, कारण लगेच 'कोणाला आवश्यक?' असा प्रश्न उठतो. 'जरूरी' तर्कशास्त्रातल्या विधानांसाठी राखून ठेवा.

पाठभेद: ही वाटणी टिकत नाही. पाचव्या प्रकरणात मनात थेट उमटणाऱ्या मूळ कल्पना सांगताना 'मौजूद' (असलेलं), 'शय' (वस्तू) यांच्यासोबत 'जरूरी'च आहे. शिवाय वाजिब, मुम्किन, मुम्तनिअ (अशक्य) यांच्या व्याख्या एकमेकींवर टेकलेल्या असतात, हे तो तिथेच दाखवतो. 'वाजिब' आणि 'जरूरी' दोघांना एकच शब्द दिला, तर त्याने शब्द कुठे बदलला हे मराठीत दिसणारच नाही.

हस्तलिखितवेडा: शब्द ठरवण्याआधी पाठ तपासा. नुक्ते (अरबी अक्षरांचे ठिपके) गळाले की 'यजिब' (अनिवार्य ठरतं) आणि 'बह्स' (शोध, चर्चा) यांचा सांगाडा एकच दिसतो. १९६० च्या कैरो आवृत्तीत पाठभेद पानाच्या तळाशी आहेत, ते वाचल्याशिवाय वाक्य पक्कं करू नका. अडलं तर १२व्या शतकातलं तोलेदोचं लॅटिन भाषांतर पाहा. अनुवादकाने कोणता पाठ वाचला होता याचा अंदाज येतो. सर्वनामही सोडू नका: 'बिजातिही' पुल्लिंगी, 'बिजातिहा' स्त्रीलिंगी. 'वुजूद' पुल्लिंगी आणि 'माहिय्या' (वस्तूचं स्वरूप, ती काय आहे ते) स्त्रीलिंगी, म्हणून त्या एका शेवटच्या अक्षरावरून बोलणं कशाबद्दल आहे ते कळतं.

शुद्धमराठी: एवढ्यासाठीच संस्कृत परिभाषा बरी. शिवकाळात राजव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देऊन तेच केलं.

रुमाल_दप्तर: तो कोश राज्यकारभाराच्या शब्दांचा. आणि त्यानंतरही पेशवे दप्तरात फारसी शब्द भरपूर आहेतच. लोक काय बोलत-लिहीत होते ते दप्तरात पाहा.

शुद्धमराठी: दप्तर म्हणजे कारकुनांची भाषा, लोकांची नव्हे.

मीमांसाप्रेमी: मग 'हजर', 'जरूर', 'अक्कल' हे शब्द शेतावर कोणी नेले?