शब्दचर्चा: 'संडे' विशेषनाम कसं काय?

परभणीकर:
पाचवीतल्या लेकीनं इंग्रजीच्या वहीत 'संडे' सामान्यनामाच्या रकान्यात लिहिलं, त्यावर लाल फुली आली. तिचं म्हणणं, रविवार वर्षात बावन्न येतात, मग तो 'विशेष' कसा? मी म्हणालो, पहिलं अक्षर मोठं असतं म्हणून. तर म्हणते, विशेषनाम आहे हे आधी कळलं तरच मोठं अक्षर काढीन ना! जाणकारांनी उलगडून सांगावं.

अंबाजोगाईकर:
लेकरू बरोबर बोललं. मोठं अक्षर ही खूण आहे, कारण नव्हे. आणि खूणही फसवी. वाक्यातला पहिला शब्द कुठलाही असो, मोठ्या अक्षरानंच सुरू होतो. 'आय' हे सर्वनाम, 'इंडियन' हे विशेषण, तरी दोन्ही मोठी. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत, म्हणून आपण नाम अर्थावरून ओळखतो. इंग्रजीतही तसंच ओळखावं.

मोंढ्याचं, म्हणजे धान्याच्या बाजाराचं बघा. 'तूर मोंढ्यात नेली' यातला मोंढा सामान्यनाम, असे मोंढे आपल्याकडं गावोगावी. पण नांदेडात ऑटोवाल्याला 'नवा मोंढा' म्हटलं की तो 'कोणता?' असं विचारत नाही. ते एका भागाचं नाव झालं. तो भाग कितीही जुना होवो, नाव 'नवा'च राहणार! शब्द वस्तूचं वर्णन करतोय की नुसतं तिच्याकडं बोट दाखवतोय, हे पाहायचं. म्हणून इंग्रजीत 'न्यू मोंढा' लिहिताना 'एन' आणि 'एम' दोन्ही मोठे. उद्या कुठं एखादा नवा मोंढा बांधायला काढला, तर 'अ न्यू मोंढा', दोन्ही लहान.

तसंच 'डे' ही जात आणि 'संडे' हे सातांतल्या एकाचं नाव. मात्र वार-महिने मोठ्या अक्षरानं आणि 'समर', 'विंटर' लहान, यात तर्क शोधू नका. रूढी आहे, पाठ करून टाका.

गोदाकाठ:
थोडं अवांतर. आमच्या काठावर 'गंगेला पूर आला' म्हणजे गोदावरीला. गंगाखेडही गोदावरीवरच. इंग्रजीत 'गँजीस' लिहिलं तर पूर थेट वाराणसीत जाईल.

लातूरकर:
उलटा प्रवासही होतो. 'पोकलेन' हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. आता विहीर खोदायला कुठल्याही कंपनीचं यंत्र येवो, शिवारात सगळे म्हणणार, पोकलेन आलं. मला जास्त गंमत 'मोगलाई'ची वाटते. निजामाच्या मुलखाला हे नाव होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या फौजेनं शरणागती पत्करली, तरी कुणी मनमानी केली की आपण आजही 'मोगलाई लागली का?' म्हणतो. इंग्रजांनीही तेच केलंय. घराण्यासाठी 'मुघल' लिहिताना 'एम' मोठा. त्याच नावावरून बड्या उद्योगपतीला 'मोगल' म्हणतात, तिथं 'एम' लहान.

परभणीकर:
मोंढा तिला लगेच पटला. आता विचारते, 'मदर' लहान की मोठं?

अंबाजोगाईकर:
'माय मदर' लहान. पण 'मदर, जेवायला वाढ' अशी नावासारखी हाक मारली, तर मोठं.

परभणीकर:
आमच्या घरात असं कुणी म्हणालं तर जेवायलाच मिळायचं नाही.