मदत हवी आहे: वर्णन चित्राच्या पुढे पळतंय

तापीकाठ: अहिराणी लघुपटाला अंधांसाठी ऑडिओ डिस्क्रिप्शन, म्हणजे पडद्यावर काय चाललंय ते सांगणारं वर्णन केलंय. सुरुवातीला बरोबर बसतं. शेवटी हात कडीला लागायच्या आधीच 'दार उघडतं' ऐकू येतं. आवाज टीव्हीवरच्या जुन्या निवेदिकेचा, पुन्हा बोलावणं शक्य नाही. शनिवारी जळगावात दाखवायचाय. लवकर सांगा.

पऱ्हाटी: लघुपट केवढा? शेवटी फरक किती? कोणती प्रत बघून रेकॉर्डिंग केलं? बठ्ठं सांगा ना भो.

तापीकाठ: 40 मिनिटं. दोन-अडीच सेकंद. प्रत एडिटरने दिली तीच.

गिरणाथडी: सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने ते. 44.1 किलोहर्ट्झची फाइल 48 च्या प्रोजेक्टात टाकली असणार. सगळं 48 करा, मिटलं.

पऱ्हाटी: तसं असतं तर 40 मिनिटांत सव्वातीन मिनिटं गेली असती आणि बाईंचा आवाज बारीक झाला असता. अडीच सेकंद म्हणजे हजारात एक. एडिटरने दिलेली कामाची प्रत सेकंदाला 24 फ्रेमची आणि अंतिम 23.976 ची असणार. दोन्ही फाइलींचे गुणधर्म उघडून बघा.

अमळनेरकर: वेळेचं होईल हो. निवेदिकेचा सूर कसा आहे? पडद्यावरचं निवेदन हसऱ्या चेहऱ्याने, वाक्याचं टोक उचलून करतात. वर्णन सपाट हवं, नाहीतर तेच एक पात्र होऊन बसतं.

गिरणाथडी: सपाट म्हणजे बातम्या का? रडक्या प्रसंगात थोडं मऊ व्हावंच लागतं.

अमळनेरकर: मऊ चालेल. आर्जवी नको.

सातपुडा२: आकाशवाणीत हंगामी निवेदक व्हायचं तर आधी लेखी, मग आवाजाची चाचणी. उच्चार घोटून ठेवा.

पऱ्हाटी: सातपुडा, ते कोणी विचारलंय?

तापीकाठ: कामाची प्रत 24, अंतिम 23.976! आता?

पऱ्हाटी: वर्णनाचा ट्रॅक एकसंध असेल तर 100.1 टक्के ताणा, सूर कायम ठेवा. तुकडे असतील तर ताणू नका. प्रत्येकाची सुरुवातीची वेळ 1.001 ने गुणून सरकवा. मग हेडफोन लावून प्रत्येक संवादाची सुरुवात तपासा, कुठेतरी वर्णनाचं शेपूट अडकतंच.

तापीकाठ: बसलं. पण वांग्याच्या भरताच्या प्रसंगात वर्णन आईच्या बोलण्यावर चढतंय. मोकळी जागा चारच सेकंद. वाक्य: 'आई पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी सोलून लाकडी बडगीत घालते आणि जोरजोरात ठेचते.'

अमळनेरकर: चार सेकंदांत आठ-नऊ शब्द, त्याहून जास्त नको. ठेचणं ऐकू येतंच, ते सांगू नका. 'घालते'वर कापा.

पऱ्हाटी: 'घालते'पर्यंतच नऊ होतात, बरोबर बसेल. फक्त त्यानंतरचा 'आणि' श्वासासकट उडवा, नाहीतर वाक्य लोंबकळेल.