बॅकअप होता, पण... तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात माझ्या लॅपटॉपची डिस्क गेली. घाबरलो नाही, कारण बॅकअप होता. दर रविवारी रात्री आपोआप चालायचा आणि हिरवी खूण दाखवायचा. नवी डिस्क बसवली, बॅकअप उघडला, आणि त्यात सगळं होतं, फक्त गेल्या दोन वर्षांचं काम सोडून. झालं असं की दोन वर्षांपूर्वी मी कामाचा फोल्डर दुसऱ्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागात, हलवला होता आणि बॅकअपच्या सेटिंगमध्ये जुनीच जागा राहिली होती. तो बिचारा इमानेइतबारे रिकाम्या फोल्डरची प्रत काढत राहिला आणि दर वेळी 'यशस्वी' म्हणत राहिला.

म्हणून हा धागा. बॅकअप घ्यावा हे सगळ्यांना माहीत आहे, ते पुन्हा नको. बॅकअपमधून परत घ्यायला गेलात तेव्हा काय झालं, ते लिहा.

*

मी सिंकलाच, म्हणजे फोन आणि क्लाउड सारखे ठेवण्यालाच, बॅकअप समजत होते. फोनमध्ये जागा उरली नाही म्हणून फोटो उडवले, "वर आहेतच की" म्हणून. वरचेही गेले. सिंकचं कामच ते, इथे पुसलं की तिथेही पुसायचं. त्या सेवेच्या कचरापेटीत पुसलेले फोटो ६० दिवस राहतात, हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं.

*

सर्व्हर सांभाळणं हेच माझं काम, म्हणजे मला तर कळायला हवं होतं. रोज रात्री आरसिंक या फाईली कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने मूळ डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर जायची. त्यात 'डिलीट' हा पर्याय चालू होता: मुळात जी फाईल नाही, ती प्रतीतूनही काढून टाक. एका रात्री मशीन रीस्टार्ट झालं आणि मूळ डिस्क माउंटच झाली नाही, म्हणजे मशीनला जोडलीच गेली नाही. ती जिथे दिसायची तो माउंट पॉइंटचा फोल्डर मात्र होता, पण रिकामा. आरसिंकने पाहिलं, मुळात काहीच नाही, आणि प्रतही तेवढीच स्वच्छ करून ठेवली. मूळ डिस्क शाबूत होती म्हणून नोकरी राहिली.

तेव्हापासून दोन गोष्टी करतो. मूळ डिस्कवर एक खुणेची फाईल ठेवली आहे. ती दिसली नाही तर प्रत काढणारी स्क्रिप्ट पुढे जातच नाही. आणि पुसलेल्या फाईली लगेच न काढता ३० दिवस बाजूला ठेवतो.

मोठमोठ्यांचंही हेच होतं. प्रोग्रॅमरांचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब कंपनीचं ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण मी नव्या मुलांना हटकून वाचायला लावतो. रात्री थकलेल्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबी गेले होते. मग बॅकअप शोधायला गेले तर पीजीडंप या डेटाबेसची प्रत काढणाऱ्या साधनाचे बॅकअप तयारच होत नव्हते, कारण डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि डंप घेणारं साधन ९.२ चं. चूक झाल्याची ईमेल जायची, पण त्या ईमेलवर पाठवणाऱ्याची खात्री पटवणारी डिजिटल सही नसल्याने ती नाकारली जायची. म्हणजे बॅकअपही बंद आणि बोंब मारणाराही मुका. वाचवलं ते त्याच इंजिनिअरने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने, म्हणजे डेटाच्या त्या क्षणीच्या प्रतीने. कंपनीने हे सगळं स्वतःहून जाहीरपणे लिहिलं, याचं मला जास्त कौतुक वाटतं.

मला आता बॅकअप फसल्याची ईमेल नको असते. झाल्याची हवी. ती आली नाही की उठून बघायचं.

*

आमच्याकडे नासमध्ये, म्हणजे घरच्या नेटवर्कवरच्या साठवणपेटीत, दोन डिस्क, एकीवर लिहिलं की दुसरीवर उमटतं. यालाच रेड म्हणतात. मुलाने चुकून एक फोल्डर पुसला, तोही दोन्हीकडे त्याच क्षणी पुसला गेला. एक डिस्क बिघडली तर रेड वाचवतं, माणूस बिघडला तर नाही.

*

माझा प्रकार वेगळा. फोन हरवला. त्याचा बॅकअप क्लाउडवर होता, अगदी आदल्या रात्रीचा. नवा फोन घेतला, पासवर्ड टाकला, पुढे सहा आकडी कोड मागितला. कोड दाखवणारं ॲप हरवलेल्या फोनमध्ये! तिजोरीची किल्ली तिजोरीतच. खातं परत मिळायला नऊ दिवस लागले, आणि ते नऊ दिवस मी रोज त्याच फॉर्मात जन्मतारीख भरत होतो. खातं उघडताना मिळालेले रिकव्हरी कोड कुठे होते म्हणाल, तर त्यांचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. त्याच फोनमध्ये. आता ते कागदावर छापून महत्त्वाच्या कागदपत्रांच्या फाईलमध्ये आहेत.

*

मी भाषांतराचं काम करते, पंचवीस वर्षं झाली. माझ्या फाईली सीडीवरून हार्डडिस्कवर, तिथून पुढच्या हार्डडिस्कवर अशा व्यवस्थित येत गेल्या. मागच्या वर्षी एक जुनं भाषांतर पुन्हा छापायचं ठरलं. फाईल उघडली. उघडलीही, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस असला गोंधळ. युनिकोडच्या आधीचा फाँट होता. तो फाँट नव्या संगणकावर नाही, आणि त्याशिवाय त्या मजकुराला काही अर्थच नाही. एक बिट हललं नव्हतं, तरी पुस्तक गेल्यातच जमा.

भाच्याने फाँट बदलणारं साधन शोधून दिलं. त्यातून मजकूर आला, पण पहिली वेलांटी आणि रफार यांनी छळ मांडला. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये नंतर, त्यामुळे ती भलत्याच अक्षराला जाऊन चिकटत होती. २१० पानं ओळीन् ओळ वाचून काढली. आता काम संपलं की युनिकोडमधला साधा मजकूर आणि फाँट आत बसवलेली पीडीएफ, दोन्ही ठेवते.

*

नाटकाच्या प्रयोगाचं चित्रीकरण. कॅमेऱ्याच्या कार्डावरून पेनड्राइव्हवर कॉपी करताना एक फाईल जाईना, 'वगळा' दाबलं आणि बाकीच्या गेल्या म्हणून कार्ड फॉरमॅट केलं. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, ४ जीबीहून मोठी फाईल त्यावर मावतच नाही. गेला तो दुसरा अंक.

*

तीन-दोन-एकचा नियम अजून कोणी कसा काढला नाही? तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने तो रूढ केला. मी तो पाळत होतो, फक्त 'दुसरं ठिकाण' म्हणजे त्याच कपाटाचा खालचा कप्पा. पाइप फुटला तेव्हा वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात पाणी जायला काही वेळ लागत नाही, हे पाहिलं. हसू नका, १० मार्च २०२१ ला स्ट्रासबूर्गमध्ये ओव्हीएच या कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच जागेत होते.

*

आमच्या छोट्या ऑफिसात खंडणीवाला व्हायरस शिरला. बॅकअपची डिस्क चोवीस तास जोडलेली, त्यामुळे तीही कुलूपबंद. वाचलो ते हिशेब बघणाऱ्या काकूंमुळे. त्या कोणावर विश्वास ठेवत नाहीत आणि दर शुक्रवारी आपली वेगळी डिस्क भरून, काढून घरी नेतात. आम्ही त्यांची थट्टा करायचो. सोमवारी सकाळी सगळे त्यांच्या पर्सकडे बघत बसलो होतो.

*

धागाकर्ता: हे सगळं वाचून काल रात्री स्वतःचीच परीक्षा घेतली. बहिणीच्या संगणकावर, म्हणजे जिथे माझं काहीच नाही अशा जागी, बॅकअपमधल्या कुठल्याही वीस फाईली काढून उघडायच्या ठरवल्या. पासवर्ड आठवायलाच अर्धा तास. अठरा उघडल्या. एक शून्य केबीची निघाली, आणि एका फोटोचा खालचा अर्धा भाग नुसता राखाडी. दोन्हींच्या मूळ प्रती माझ्या त्याआधीच्या लॅपटॉपवर सापडल्या, म्हणून तिथूनच सगळं नव्याने कॉपी करतोय. आत्ता ४१ टक्के झालंय.